सात नंबरची जर्सी

कुंभार पिंपळगावच्या अलीकडं फाट्यावरून आत वळलं की कपाशीच्या दोन वावरांच्या मधी एक पडीक माळ लागतो. माळावर चुन्यानं आखलेला पळायचा गोल, एका कोपऱ्यात गोळाफेकीचं रिंगण, आणि लिंबाला बांधलेला फ्लेक्स: पोलीस भरती, सैन्य भरती, मुलींसाठी वेगळी बॅच. सकाळी सहाला तिथं पंचवीस-तीस पोरी रांगेत उभ्या राहतात. शिट्टी वाजवायच्या आधी रूपालीताई रांगेच्या मागून चालत जाते आणि एकेकीच्या पाठीवर छापलेलं नाव वाचते. मग पुढून येऊन तोंडं बघते. नाव आणि तोंड जुळलं तर पळायचं, नाही जुळलं तर घरी.

एकदा हसनाबादकडून मामाकडं शिकायला आलेल्या एका पोरीनं मैत्रिणीची जर्सी घातली होती. स्वतःची वाळली नव्हती, एवढंच कारण. रूपालीनं तिला रांगेतून बाहेर काढलं.

"ओली असली तरी तुझीच घालून ये. जा."

"ताई, एक दिवस काय होतंय?"

"जा म्हणलं ना."

पोरगी रडत गेली. एवढ्याशा गोष्टीला पोरीला रडवायचं काय काम, असं कुणालाही वाटेल. वाटू द्या. ताईसुद्धा काही म्हातारी नाही, वीस वर्षांची आहे, आणि तिचं स्वतःचं वय रडायचंच होतं तेव्हा तिला एका जर्सीनं जे शिकवलं ते या पोरींना शिकायची पाळी येऊ नये, एवढंच तिचं म्हणणं आहे. ती ते कुणाला सांगत बसत नाही. म्हणून मला सांगावं लागतंय.

रूपाली भीमनगरातली. बाप अप्पाराव जालन्याला सळयांच्या कारखान्यात, पंधरा दिवसांतून एकदा घरी. आई गिरिजाबाई रोजानं वावरात. आणि अर्पिता म्हणजे बद्रीनाथअण्णांची एकुलती एक. अण्णा गावातलं वजनदार माणूस, हा माळ त्यांचाच, माळाच्या दोन्ही बाजूची कपाशीही त्यांचीच. दोघी पाचवीपासून एका बाकावर बसल्या. अर्पिता शाळा सुटली की दप्तरासकट भीमनगरात यायची आणि गिरिजाबाईच्या हातची भाकरी न् लाल मिरचीचा ठेचा नाक गळेस्तोवर खायची. रूपालीही अर्पिताच्या घरी जायची. तिथं तिची आई उषाकाकू सगळ्यांना चहा स्टीलच्या कपात द्यायच्या आणि रूपालीला कागदी कपात. "धुवायचा ताप न्हाई बघ," असं म्हणायच्या. बिचारीला बरेच दिवस ते खरंच वाटलं.

दहावी झाल्यावर दोघींनी ठरवलं की पोलीस व्हायचं. ठरवलं म्हणजे अर्पितानं ठरवलं आणि रूपाली लगेच हो म्हणाली. त्यांच्यात तसंच असायचं. संपत सरांनी माळावर नुकतीच बॅच सुरू केली होती. सर फौजेतून निवृत्त झालेले, बोलायला कडू पण शिकवायला एक नंबर. रूपाली पळायला लागली तेव्हा सरांनी घड्याळ दोनदा बघितलं. आठशे मीटर दोन मिनिटं अडतीस सेकंद. अर्पिताला तेवढ्यालाच सव्वातीन मिनिटं लागायची, तोंडाला फेस यायचा. पण गोळा हातात दिला की अर्पिता वेगळीच. पोरींमधी तिच्याइतका लांब गोळा कुणाचाच जात नव्हता. एक खोड तेवढी होती: गोळा सोडताना ती डावी टाच वर उचलायची आणि सगळं अंग उजवीकडं पडायचं. सर ओरडायचे, "टाच! अर्पिता, टाच खाली!" पण ती खोड काही गेली नाही. रूपालीचा गोळा मात्र पायाजवळच पडायचा. अर्पिता तिला म्हणायची, "रुपे, तुझे पाय न् माझे हात एकत्र केले तर एक पुरी पोलीस होईल बघ."

आता त्या जर्सीचं. सरांच्या मैदानावर एक रीत होती. महिन्याच्या शेवटच्या रविवारी टेस्ट, आणि टेस्टच्या दिवशी सगळ्यांत मागं राहणाऱ्या पोरीनं सगळ्यांत पुढच्या पोरीची जर्सी घालून पळायचं. त्यानं वेग लागतो, असं सर म्हणायचे. फौजेतली चेष्टा असणार कुठली तरी, पण पोरींनी ती मनावर घेतली होती, आणि नवल म्हणजे जर्सी बदलली की वेळ दोन-चार सेकंद कमी यायचीच. तर दर महिन्याला रूपालीची सात नंबरची जर्सी, पाठीवर इंग्रजीत तिचं नाव छापलेली, अर्पिताच्या अंगावर जायची. रूपाली साध्या टी-शर्टवर पळायची. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

अडीच वर्षांपूर्वी, दिवाळीच्या आधीच्या रविवारीही तसंच झालं. पण ते दिवस वेगळे होते. आरक्षणाचं आंदोलन पेटलेलं. गावोगाव उपोषणं, पुढाऱ्यांना गावबंदी, रोज कुठं ना कुठं रस्ता अडवलेला. गावातल्या समितीचे अध्यक्ष बद्रीनाथअण्णाच. त्यांनी घरोघर निरोप दिला होता की रविवारी फाट्यावर चक्का जाम, बायापोरी पुढं बसतील, म्हणजे पोलीस हात उचलणार नाहीत. अर्पिता टेस्ट पळून आली, तीन मिनिटं पाच सेकंद, जन्मात पहिल्यांदा. खूश होऊन तिनं रूपालीला उचलून गरगर फिरवलं. तेवढ्यात तिची चुलत बहीण स्कूटी घेऊन आली. अर्पितानं जर्सी बदललीच नाही, तोंडाला स्कार्फ बांधला आणि मागं बसून गेली.

रूपाली आईबरोबर कापूस वेचायला गेली. कुणाच्या वावरात? बद्रीनाथअण्णांच्या. कमरेला ओटी बांधून दोघी मायलेकी दुपारभर वेचत होत्या. फाट्याकडून आरडाओरडा ऐकू आला, काळा धूर दिसला. संध्याकाळी उषाकाकू वावरात आल्या, त्यांनी स्वतःच्या हातानं काट्याला गाठोडं लावलं आणि रूपालीला म्हणाल्या, "आज आईपेक्षा तुझा जास्ती भरला गं." हे वाक्य ध्यानात ठेवा. रूपालीनं तर ते जन्मभरासाठी ठेवलंय.

दिवस मावळता अर्पिता भीमनगरात आली. जर्सीला जळक्या टायरचा वास येत होता.

"रुपे, काय मजा आली माहितंय का. बस आल्ती एक. सगळेच दगड फेकून राह्यले होते. मी बी एक मारला. बराबर पुढच्या काचेवर."

"येडी का खुळी तू? कुणाला लागला असता म्हंजी?"

"ड्रायव्हरला लागला थोडा. पण मी म्हणलं ना, सगळेच फेकत होते."

खरं तर रूपालीला तिथंच राग यायला पाहिजे होता. पण ती हसली. आणि म्हणाली, "टेस्टला तर तुझा गोळा एवढा लांब जात न्हाई." दोघी हसल्या. गिरिजाबाईनं जर्सी साबण लावून चांगली खळखळून धुतली आणि दारातल्या तारेवर वाळत घातली. अठरा वर्षं दोन महिने वयाची पोरगी, मैत्रिणीच्या बहादुरीवर हसली, बस्स. त्या हसण्याची आठवण आली की अजून तिला स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

व्हिडिओ तोवर सगळ्या मोबाइलवर फिरत होता. स्कार्फ बांधलेली पोरगी, पाठमोरी, हात मागं जातो, दगड सुटतो, काच फुटते. तोंड कुठंच नाही. पाठीवर ठळक अक्षरात रूपाली, खाली सात. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आली. बाई पोलिसानं तारेवरची जर्सी काढून पिशवीत घातली, पंचनामा केला, आणि रूपालीला गाडीत बसवलं. गिरिजाबाई गाडीमागं फाट्यापर्यंत पळत गेली.

ठाण्यात विचारलं, जर्सी कुणाची? माझी. मग काल कुणी घातली होती? इथं रूपाली गप्प बसली. मी तिथं नव्हते, वावरात होते, एवढंच पुन्हा पुन्हा सांगत राहिली. अर्पिताचं नाव तिनं घेतलं नाही. तिला वाटलं, आपण कशाला घ्यायचं? अर्पी स्वतःच येईल. ऐकलं की चप्पल न घालता पळत येईल आणि सांगेल की साहेब, ती न्हाई, मी होते. दोन दिवस ती ठाण्याच्या दाराकडं बघत बसली. दारातून चहावाला आला, वकील आला, आई आली. अर्पिता आली नाही.

तिसऱ्या दिवशी कोर्टानं जामीन दिला, त्या दिवशी वकिलाच्या सांगण्यावरून रूपालीनं नाव सांगितलं. तर ठाण्यातले साहेब म्हणाले, "पहिल्या दिवशी का न्हाई सांगितलं? आता वकिलानं पढवून पाठवलं का?" मैत्रीपायी दोन दिवस गप्प राहिली, हे कुठल्या जबाबात लिहायचं? त्याला कागदावर रकानाच नाही.

गावात तोवर गोष्ट पार उलटी होऊन बसली होती. समितीनं पत्रक काढलं की आमचं आंदोलन शांततेचं होतं, बाहेरच्यांनी घुसून दगड मारले, आणि पुरावा म्हणून बोट कुणाकडं? रूपालीकडं. भीमनगरातले म्हणायला लागले, हिला काय गरज होती तिकडं तडफडायची? दोन्हीकडून पोरगी सोलून निघाली. अप्पाराव कारखान्यातून रजा टाकून आला.

वकील मात्र भला माणूस. त्यानं गिरिजाबाईला नीट समजावून सांगितलं. "ती दुसरी पोरगी अजून अठराची झाली न्हाई ना? मंग तिनं खरं सांगितलं तरी तिचं आयुष्य बरबाद होत न्हाई. बाल न्याय मंडळापुढं जाईल, समज देऊन सोडतील, आन् पुढं नोकरीला ते आडवं येत न्हाई, तसा कायदाच हाय. तुमची पोरगी दोन महिन्यांनी मोठी निघाली, तिला माफी न्हाई." गिरिजाबाईला एवढं कळलं की एका पोरीचं जाणार काहीच नाही आणि दुसरीचं सगळं जाणार. म्हणजे माणुसकी असली तर प्रश्नच मिटला. ती त्याच संध्याकाळी रूपालीला घेऊन अण्णांच्या दारात गेली.

उषाकाकूंनी चहा आणला. कागदी कप.

गिरिजाबाईनं वकिलाचं सगळं बोलणं सांगितलं. अण्णा मान हलवत ऐकत होते. मग म्हणाले, "गिरजाबाई, वकील कायद्याचं बोलला. गावाचं कोण बोलणार? पोरीच्या जातीला ठाण्याचा शिक्का लागला की झालं. उद्या सोयरीक कोण करंल?"

"आन् माही पोरगी पोरीची जात न्हाई का, अण्णा?"

"तसं न्हाई. तुम्हाला सवलती हायेत, आरक्षण हाय. रूपालीला काही ना काही भेटूनच जाईल. आमच्या लेकराला काय हाय? त्याच्यासाठीच तर रस्त्यावर बसलो आम्ही."

रूपाली उषाकाकूंकडं वळली. "काकू, त्या दिवशी दुपारी मी तुमच्या वावरात होते. तुम्हीच काटा केला. आईपेक्षा माझा जास्ती भरला, असं तुम्हीच म्हणल्या. तुम्ही अर्पीचं नाव नका घेऊ. मी वावरात होते, एवढंच सांगा. बिलकुल एवढंच."

उषाकाकूंनी पदर तोंडाला लावला. आतल्या खोलीचं दार जरासं उघडं होतं आणि दाराखालून अर्पिताची पावलं दिसत होती. रूपालीला ती पावलं अंधारातही ओळखू आली असती, सात वर्षं एका मैदानावर, एका बाकाखाली बघितलेली. उषाकाकू म्हणाल्या, "रोजानं दहा बाया येतात गं. कोण कवा आल्ती, मला काय आठवत न्हाई."

दाराखालची पावलं मागं सरकली. रूपालीनं भरलेला कप तसाच उंबऱ्यावर ठेवला आणि आईचा हात धरून निघाली. त्या दिवसानंतर गिरिजाबाई त्या वावरात कधी गेली नाही, रोज बुडाला तरी.

मैदानावरच्या पोरी? त्यांनी व्हिडिओ बघता क्षणी ओळखलं होतं. दगड सुटताना डावी टाच वर, अंग उजवीकडं पडलेलं. संपत सरांना तर एका नजरेत कळलं असणार, शंभर वेळा ओरडले होते त्या टाचेवरून. रूपाली त्यांच्याकडं गेली तेव्हा ते चुन्याची रेघ मारत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"सर, जर्सी बदलली ती तुमच्यासमोर. टाच तुम्हाला दिसली."

"दिसली."

"मंग सांगा ना कोर्टात."

सर म्हणाले, "ही जमीन कुणाची हाय, रूपाली? मी उद्या बोललो तर परवा इथं नांगर फिरंल. तीस पोरी कुठं पळवू?" मग खिशातून घड्याळ काढून तिच्या हातात दिलं. "तू येत जा. पोरींच्या वेळा घे. महिन्याला काही देत जाईन." सीमेवर राहिलेला माणूस, गावात येऊन मूग गिळून बसला. रूपालीला ते घड्याळ त्यांच्या अंगावर फेकावंसं वाटलं. पण पळायला दुसरं मैदान नव्हतं. तिनं ते घेतलं, आणि तेव्हापासून ती तिथं आहे.

त्यातही तिनं हिंमत सोडली नाही, हे सांगायलाच पाहिजे. भरती निघाली तेव्हा दोघींनी फॉर्म भरला, वेगवेगळा, न बोलता. तुमच्यावर गुन्हा दाखल आहे का, या रकान्यात रूपालीनं ‘आहे’ लिहिलं. जालन्याच्या मैदानावर ती आठशे मीटर दोन पस्तीसला पळाली. गोळासुद्धा रिंगणाबाहेर लांब टाकला, कारण वर्षभर रोज एकटीनं टाकत होती, टाच खाली ठेवून. लेखीला चांगले मार्क पडले. निवड यादीत तिचं नाव आलं आणि बारा नावांनी खाली अर्पिताचं. अप्पारावनं कारखान्यात पेढे वाटले. दीड महिन्यानं चारित्र्य पडताळणीचं पत्र आलं. गंभीर गुन्हा प्रलंबित, उमेदवार अपात्र. अर्पिताचं चारित्र्य स्वच्छ निघालं.

दरम्यान सरकारनं आंदोलकांवरचे गुन्हे मागं घ्यायचं ठरवलं. फाट्याच्या गुन्ह्यात नऊ आरोपी. समितीनं यादी करून वर पाठवायची होती. रूपाली पुन्हा अण्णांपुढं उभी राहिली, या वेळी समितीच्या कचेरीत, आणि या वेळी विनंती करायला नाही, विचारायला.

"अण्णा, यादीत आठच नावं हायेत. माझं न्हाई."

अण्णा शांतपणे म्हणाले, "यादी आंदोलकांची हाय. तू तर जबाबात म्हणलीस, मी आंदोलनात नव्हतेच. मंग तुझं नाव कसं टाकू? लिहून दे, मी होते, दगड मीच मारला, समाजासाठी मारला. आत्ता टाकतो."

कचेरीत चार माणसं बसली होती. कुणी हसलं नाही, पण कुणी खाली मानही घातली नाही. रूपालीच्या हातात कोरा कागद आणि पेन दिलं गेलं. चार ओळी लिहिल्या असत्या तर गुन्हा गेला असता, पुढच्या भरतीला वाट मोकळी होती. गिरिजाबाईनं तर नंतर तिला बडवलं, की का न्हाई लिहिलंस म्हणून. रूपालीनं पेनाचं टोपण काढलं, परत लावलं आणि कागद तसाच टेबलावर ठेवला. "अण्णा, ज्यानं मारला त्याला लिहायला लावा," एवढं म्हणून ती बाहेर आली. शहाणपणा केला की मूर्खपणा, ते तिचं तिलाही अजून ठरवता आलेलं नाही. आठ आरोपी सुटले. नववी राहिली.

मागच्या महिन्यात अर्पिता ट्रेनिंग संपवून गावात आली. माळावरच सत्कार ठेवला. मंडप, हार, फेटे, भोंगा. गावातली पहिली पोलीस पोरगी, तोलामोलाचा कार्यक्रम. खाकी वर्दी तिला शोभत होती, खोटं कशाला बोला. रूपाली घड्याळ गळ्यात अडकवून पोरींच्या मागं उभी होती. गिरिजाबाई का आली होती कोण जाणे, पण शेवटच्या रांगेत बसली होती. भाषणात अर्पितानं आईवडिलांचे आभार मानले, संपत सरांचे मानले. मग तिनं माइक दोन्ही हातांनी धरला.

"आन् एक व्यक्ती इथं हाय, तिचं नाव घेतलं न्हाई तर मी कृतघ्न ठरेन. माझी मैत्रीण रूपाली. मी मैदानावर सगळ्यांत मागं राह्यचे. तिनं मला स्वतःची जर्सी दिली. सात नंबरची. ती घालून मी पहिल्यांदा वेळेत आले. आज मी जी काही हाय, ती त्या जर्सीमुळं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. अण्णांनी डोळे पुसले. पोरी मागं वळून रूपालीकडं कौतुकानं बघायला लागल्या. एवढ्या माणसांत ज्यांना खरं माहीत होतं तेही टाळ्या वाजवत होते, आणि मला विचाराल तर त्या दगडापेक्षा या टाळ्या जास्त लागल्या. गिरिजाबाई उठली, साडी झटकली आणि कुणाकडं न बघता घराकडं चालायला लागली.

कार्यक्रम झाल्यावर अर्पिता गर्दीतून वाट काढत लिंबाखाली आली. गळ्यातले हार तिनं काढून हातात घेतले होते. "रुपे," म्हणाली आणि मिठी मारायला पुढं झाली. रूपाली जागची हलली नाही.

"सत्तावीस तारखेला माझी केस हाय, कोर्टात ये."

"रुपे..."

"हेच बोल. आत्ता बोललीस तेच. तिथं माइक नसतो, पण लिहून घेतात."

अर्पितानं इकडंतिकडं बघितलं. "आता नोकरी लागली गं मला. तुला तर माहितंय. आता बोलले तर जाईल ती."

"तवा तर नव्हती ना लागलेली?"

अर्पितानं हार या हातातून त्या हातात घेतले. झेंडूच्या पाकळ्या तिच्या बुटावर पडल्या होत्या. मग "बघते, रजा भेटली तर," असं काहीतरी पुटपुटली आणि अण्णांनी हाक मारली म्हणून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, रांग लागायच्या आधी, सगळ्यांत हळू पळणारी साक्षी नावाची पोरगी रूपालीजवळ आली. लाजत म्हणाली, "ताई, तुमची ती सात नंबरची जर्सी मला द्या ना टेस्टला. अर्पिता मॅडमला लाभली तशी मला बी लाभंल."

"माझ्याकडं न्हाई ती," रूपाली म्हणाली. "पाठ कर इकडं, नाव बघू दे."

सत्तावीसला ती सकाळी दहाला कोर्टात पोचली. अप्पाराव बरोबर होता. बाकावर बसून दोघांनी फाटकाकडं किती वेळा बघितलं, ते मोजलं नाही. एक खाकी वर्दीतली बाई आत आली तेव्हा रूपाली उठून उभी राहिली होती. ती दुसरीच कुणीतरी निघाली.

साडेतीनला पुकारा झाला. आरोपी नंबर नऊ. आधीचे आठ नव्हतेच, त्यामुळं पिंजऱ्यात ती एकटी. शिपायानं मुद्देमालाचं पाकीट फोडलं आणि जर्सी बाहेर काढून टेबलावर पसरली. घडीवर पिवळट रेघा पडल्या होत्या. पाठीवरची अक्षरं मात्र नवी असल्यासारखी, गिरिजाबाईनं इतकी स्वच्छ धुतली होती.

जजसाहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "ही जर्सी तुमची आहे का?"

रूपालीनं दाराकडं बघितलं. दारात शिपाई उभा होता, त्याच्या मागं मोकळा व्हरांडा.

"हो साहेब," ती म्हणाली. "माझीच आहे."

बाजूच्या बाबूनं ते लिहून घेतलं.